‘अलाऊ’ दाबण्याआधी: फोनची परवानगी आणि नवी खोती



चौदा एप्रिलची तयारी आता वहीत कमी आणि फोनमध्ये जास्त होते. मसुरे गावाचेच उदाहरण घेऊ. मालवण तालुक्यातले, गड नदीच्या काठचे, वाड्यावाड्यांत विखुरलेले हे गाव. घरटी कुणी ना कुणी मुंबईला. अशा गावातली जयंती समिती वर्गणी काढते तेव्हा निम्मे पैसे परळ, विक्रोळी, नालासोपाऱ्याकडून यूपीआयने येतात. खजिनदाराच्या फोनवर बँकेचा एसएमएस येतो, मग तो नाव शोधतो, रक्कम लिहितो, पावती पाठवतो. शंभर-दोनशे देणगीदार असले की रात्री जागून हे करावे लागते. अशा वेळी समितीतला एखादा हुशार पोरगा म्हणतो, ‘दादा, यासाठी ॲप आहे. एसएमएस आला की ते आपोआप वाचेल, शीटमध्ये नोंद करेल आणि व्हॉट्सॲपवर पावती धाडेल.’

कल्पना उत्तम आहे. ॲप टाकले जाते आणि फोन अडतो. ‘प्रतिबंधित सेटिंग. तुमच्या सुरक्षेसाठी हे सध्या उपलब्ध नाही,’ अशा अर्थाची पाटी येते आणि बटण करड्या रंगाचे होऊन बसते. मग यूट्यूबवर शोधाशोध सुरू होते. तिथला गुरुजी दोन मिनिटांत सांगतो, इथे जा, तीन टिंबांवर दाबा, ‘अलाऊ’ करा, सगळे चालू करा, काम फत्ते.

माझा मुद्दा या ‘सगळे चालू करा’वर आहे. फोनने घातलेली आडकाठी ही बहुतेकांना बिघाड वाटते. तो बिघाड नसून तुम्हाला विचारलेला प्रश्न आहे. तुझ्या जागी बसून तुझा पडदा वाचायचा, तुझ्या बोटाने बटणे दाबायची, एवढा अधिकार तू कुणाला देतो आहेस, असा तो प्रश्न आहे. हजारो वर्षे ज्यांच्या वतीने दुसऱ्यांनीच होकार दिले त्या समाजाच्या पोरांनी तरी हा प्रश्न न वाचता पुढे जाऊ नये.

आधी अडते कुठे ते समजून घ्या

तांत्रिक गोष्ट अवघड नाही. माहिती नसली की ती अवघड वाटते आणि माहिती असलेल्याची पंडितगिरी चालू होते. म्हणून साध्या शब्दांत सांगतो.

एका ॲपने दुसऱ्या ॲपचे काम परस्पर करायचे असेल तर त्याला तीन-चार दारांतून जावे लागते. एक दार एसएमएस वाचण्याचे. दुसरे नोटिफिकेशन वाचण्याचे. तिसरे, सर्वांत मोठे, ‘ॲक्सेसिबिलिटी’चे. हे दार मुळात अंध आणि अपंग माणसांसाठी केलेले आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे, बोट न उचलता बटण दाबून देणारे ॲप चालायचे तर त्याला पूर्ण पडदा दिसला पाहिजे. अंध माणसासाठी हा हक्काचा मार्ग आहे, तो बंद करून चालणारच नाही. पण याच दाराने एखादे लबाड ॲप आत आले तर त्यालाही पूर्ण पडदा दिसतो. तुम्ही काय टाइप करता, कुठला संदेश उघडता, बँकेच्या ॲपमध्ये किती शिल्लक आहे, सगळे.

म्हणून २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून गूगलने एक नियम घातला. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा ब्राउझरमधून उतरवलेली एपीके फाइल टाकून बसवलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशनची दारे सरळ उघडता येत नाहीत. पुढच्या आवृत्त्यांत ही यादी वाढली. त्याआधी २०१९ पासून प्ले स्टोअरने एसएमएस आणि कॉलची नोंद वाचणाऱ्या ॲपांवर कडक बंधने आणली होती. त्यामुळेच ‘एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारे’ ॲप बरेचदा स्टोअरबाहेरून घ्यायला सांगतात. आपला खजिनदार अडतो तो नेमका इथे.

अडण्याची आणखी तीन साधी कारणे असतात आणि त्यांत धोका काहीच नसतो. काही महिने ॲप उघडले नाही तर अँड्रॉइड त्याच्या परवानग्या आपोआप काढून घेते, गेल्या वर्षी चालणारे ॲप यंदा मुके होते ते त्यामुळे. स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारे ॲप मारले जाते, तिथे त्या एकाच ॲपसाठी बॅटरीचे बंधन काढावे लागते आणि ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावे लागते. तिसरे कारण म्हणजे पहिल्यांदा विचारले तेव्हा घाईत ‘नको’ दाबले गेलेले असते. हे मॅक संगणकावर जास्त होते. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून एका ॲपने दुसऱ्या ॲपला हुकूम सोडायचा तर मॅक मालकाला विचारतो. एकदा ‘नको’ म्हटले की तो पुन्हा विचारत बसत नाही, काम मात्र गुपचूप अडते. तिथे सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘ऑटोमेशन’ या यादीत जाऊन ज्या ॲपला ज्या ॲपवर हुकूम चालवायचा आहे तेवढीच एक खूण करावी.

पाहा, मॅकमध्ये ‘अमुक ॲपला तमुक ॲपपुरतीच’ परवानगी देता येते. कामापुरता आणि वेळेपुरता अधिकार हेच तत्त्व आपल्याला हवे आहे. अँड्रॉइडवरची ॲक्सेसिबिलिटी मात्र घराच्या एका खोलीची किल्ली देत नाही, सगळ्या घराची देते. तीन टिंबांमागे दडलेला ‘प्रतिबंधित सेटिंगला परवानगी द्या’ हा पर्याय खरा आहे, तो चालतो, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तो उघडण्याआधी ॲप कुणी बनवले, त्याला हे दार कशाला हवे आणि त्याशिवाय काम होतच नाही का, या तीन प्रश्नांची उत्तरे समितीतल्या किमान दोघांना देता आली पाहिजेत. देता येत नसतील तर करडे बटण करडेच राहू द्या.

नवा खोत

कोकणातल्या माणसाला मधला माणूस म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी हा सगळा रत्नागिरी जिल्हा, आणि रत्नागिरी जिल्हा म्हणजे खोतीचा मुलूख. खोत सरकार आणि कुळाच्या मध्ये उभा असायचा. सरकारला काय द्यायचे ते तो ठरलेले द्यायचा, कुळाकडून काय घ्यायचे ते आपल्या मर्जीने. कुळाने किती भात दिले, किती वेठ केली, याची नोंद खोताच्या दप्तरात. कुळाला त्या दप्तरात डोकावता यायचे नाही. स्वतः मंडणगडजवळच्या आंबडव्याचे असलेल्या बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. तरी खोती कायद्याने संपायला १९४९ चा कायदा यावा लागला.

पडद्याचा पूर्ण ताबा घेणारे ॲप हा असाच मधला माणूस आहे. तुमच्या आणि तुमच्या बँकेच्या मध्ये, तुमच्या आणि तुमच्या कार्यकर्त्यांच्या मध्ये ते उभे राहते. तुमची नोंद त्याच्या दप्तरात जाते आणि ते दप्तर कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर आहे, ते कोण वाचते, हे तुम्हाला दिसत नाही. खोताने निदान गावात तोंड दाखवले होते. याचे तोंडही दिसत नाही.

हे उगाच भीती घालणे नाही. ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’, लग्नाची पत्रिका, बँकेचे केवायसी अशा नावांच्या एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरवून लोकांची खाती रिकामी करण्याचे गुन्हे महाराष्ट्रात आणि देशभर घडलेले आहेत. पद्धत ठरलेली असते. ओळखीच्याच नंबरवरून फाइल येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो. फाइल टाकली की ती एसएमएसची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी चोराला दिसतो. या फसवणुकीमुळेच २०२४ मध्ये गूगलने भारतात एक प्रयोग जाहीर केला. बाहेरून उतरवलेले ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी यांपैकी काही मागत असेल तर ते बसवतानाच अडवायचे. म्हणजे आपल्या खजिनदाराला आडवी येणारी पाटी आणि गावातल्या म्हातारीचे निराधार योजनेचे पैसे वाचवणारी पाटी एकच आहे.

आपली यादी ही साधी यादी नाही

काही मित्र म्हणतात, आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय? खात्यात दोन हजार रुपये, फोनमध्ये बाबासाहेबांचे फोटो. कुणी बघितले तर बघू दे.

मित्रांनो, खजिनदाराच्या फोनमध्ये काय आहे ते नीट मोजा. कोण बौद्ध आहे, कुठे राहतो, कुठे नोकरी करतो, विहाराला किती देतो, मोर्चाला कोण येतो, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार कोण आहे, त्याला कुणाकुणाचे फोन येतात. जयंतीच्या वर्गणीची यादी म्हणजे नाव-पत्त्यासह, फोन नंबरसह तयार जातीची यादी आहे. मुंबईत आडनाव बदलून, जात न सांगता भाड्याने खोली मिळवलेला आपलाच एखादा भाऊ त्या यादीत आहे. कंपनीत कुणाला कळू नये म्हणून गप्प राहणारी एखादी ताई त्या यादीत आहे. त्यांची जात उघड करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार फक्त त्यांचा आहे. खजिनदाराने एक ‘अलाऊ’ दाबून तो परस्पर देऊन टाकला तर तो त्याच्या एकट्याच्या फोनचा प्रश्न राहत नाही.

आणि चळवळीच्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण सांगतो. भीमा कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ रोजी अटक झालेल्यांत नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे आणि दिल्लीचे रोना विल्सन होते. विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या त्यांच्या अहवालाने सांगितले की २०१६ साली एका ईमेलची जोडफाइल उघडल्यावर ‘नेटवायर’ नावाचे घुसखोर सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये बसले, सुमारे २२ महिने ते तिथे राहिले आणि आरोपाचा आधार असलेली पत्रे बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकली गेली. गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही त्या संस्थेने असेच निष्कर्ष दिले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने ते मान्य केलेले नाहीत आणि खटला न्यायालयात आहे. विल्सन आणि ढवळे यांना उच्च न्यायालयाचा जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांनंतर.

२०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जगभरातल्या सुमारे १,४०० जणांचे फोन पेगाससने लक्ष्य केल्याचे उघड केले. भारतात ज्यांना हा इशारा मिळाला त्यांत आनंद तेलतुंबडे होते. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल २०२० रोजी, नेमक्या जयंतीच्या दिवशी, त्यांना शरण जावे लागले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पेगाससारखे हत्यार परवानगी मागत नाही. त्याच्यापुढे सेटिंगचे करडे बटण काही कामाचे नाही. पण तेवढ्यावरून ‘मग सगळेच उघडे टाकू’ असे म्हणणे म्हणजे दरोडेखोर भिंत फोडतो म्हणून घराला कडीच न लावणे. पेगासस महागडे हत्यार आहे, ते निवडक माणसांवर चालते. आपल्यासारख्या हजारो साध्या कार्यकर्त्यांचे फोन जातात ते उघडलेल्या फाइलीने आणि दिलेल्या परवानगीने. तेवढे दार तरी आपल्या हातात आहे.

‘हो’ म्हणायला लावले तर ती संमती नव्हे

आता दुसरी बाजू. सगळी जबाबदारी दाबणाऱ्या बोटावर टाकणे हाही एक कावा आहे. ‘तूच अलाऊ केलेस ना, मग भोग,’ असे म्हणणारे विसरतात की संमतीला पर्याय लागतो. ज्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही त्याचा ‘हो’ हा ‘हो’ नसतो. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या ‘हो’ म्हटलेच होते. त्याला संमती म्हणायचे का?

कर्जाच्या ॲपांनी हे उघडे पाडले. पाच हजारांच्या कर्जासाठी ॲप फोनमधले सगळे नंबर, फोटो मागायचे. पैशाची गरज असलेला माणूस ‘अलाऊ’ दाबायचा. हप्ता चुकला की त्याच्या सासऱ्याला, मास्तरांना, साहेबाला फोन जायचे, बदनामी व्हायची. काहींनी जीव दिले. तिथे फोनने विचारले होते, माणसाने ‘हो’ म्हटले होते, तरी अन्याय झालाच. तो कमी व्हायला नियम लागला. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क, कॉलची नोंद, फाइली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलेच तर एकदाच, ओळख पटवण्यापुरते, स्पष्ट संमतीने. त्यानंतर प्ले स्टोअरनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपांना संपर्क आणि फोटो वाचायला बंदी केली. बेकायदा ॲप अजून आहेत, पण आता त्यांना बेकायदा म्हणता येते, हा फरक लहान नाही.

यातला धडा आंबेडकरी माणसाला ओळखीचा वाटेल. दुबळ्याला बलवानाशी ‘मोकळा करार’ करू द्या, सरकारने मध्ये पडू नये, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये उत्तर दिले आहे. सरकारने हात काढून घेतला की स्वातंत्र्य येत नाही, खाजगी मालकाची हुकूमत येते, हा त्या युक्तिवादाचा गाभा. तेव्हा मालक गिरणीचा होता, आज तो ॲपचा आहे.

म्हणून गूगल आणि ॲपल यांना आपले तारणहारही समजू नका. कुठले दार बंद ठेवायचे हे आज अमेरिकेतल्या दोन कंपन्या ठरवतात. त्यांचे स्वतःचे ॲप तुमच्याबद्दल किती जाणते हे त्या करड्या बटणात येत नाही. त्यांच्या पाटीचा उपयोग करून घ्या, पण आपला हक्क त्यांच्या मर्जीवर ठेवू नका. हक्क कायद्यातून आला पाहिजे.

कायदा आहे, तळे आहे, पाणी?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने. या कायद्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात.

पहिली, संमती मोकळी, विशिष्ट कामापुरती, माहिती देऊन घेतलेली आणि विनाअट हवी. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क मागितले आणि माणसाने ‘हो’ म्हटले तरी ती संमती फक्त वैद्यकीय सेवेपुरतीच धरायची, कारण त्या सेवेला संपर्कांची गरजच नाही. म्हणजे ‘अलाऊ दाबले, विषय संपला’ हे कायद्यालाही मान्य नाही. दुसरी, संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. तिसरी, दिलेली संमती काढून घेता येते आणि ती काढणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

पण हाच कायदा कुठे लंगडा आहे तेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या विधेयकात जात आणि जमात यांचा समावेश ‘संवेदनशील’ माहितीत होता, तिला जास्त संरक्षण होते. २०२३ च्या कायद्यातून हा वर्गच गायब झाला. तुमची जात आणि तुमचा आवडता रंग, कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखीच माहिती. या देशात जातीमुळे घर नाकारले जाते, मुडदे पडतात, आणि माहितीच्या कायद्याला जात संवेदनशील वाटत नाही! सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट मिळू शकते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलमात बदल करून, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अधिकाऱ्यांना माहिती नाकारणे सोपे केले. म्हणजे दुबळ्याची माहिती उघडी आणि सत्तेची माहिती झाकलेली. यावर आपल्या संघटनांनी जेवढे बोलायला हवे होते तेवढे आपण बोललो नाही.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्याला महाडने शिकवले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा. मुभा होती, वापर नव्हता. डेटाच्या हक्काचे आज तेच आहे.

मग समितीने करायचे काय?

ऑटोमेशन सोडून द्या असे मी म्हणत नाही. चळवळीच्या पोरांनी तंत्रज्ञानाला घाबरून वहीकडे परतावे हे तर मुळीच नको. मसुरे असो की मनमाड, प्रत्येक समितीने एवढे ठराव करावेत.

समितीचा नंबर आणि फोन वेगळा ठेवा. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे त्यावर ऑटोमेशनचे ॲप नको, आणि ज्यावर ऑटोमेशन आहे त्यावर बँक नको. जुना, कोरा केलेला फोन यासाठी पुरतो. वर्गणीची नोंद दिवसाअखेरीस बँकेच्या विवरणावरून दोघांनी मिळून करावी. एसएमएस वाचणाऱ्या ॲपची गरजच उरणार नाही आणि हिशेबही दोघांच्या नजरेखालून जाईल.

व्हॉट्सॲपवर आपोआप शेकडो संदेश धाडणारी ॲप वापरू नका. ते व्हॉट्सॲपच्या अटींविरुद्ध आहे, ऐन चौदा एप्रिलच्या तोंडावर नंबर बंद पडू शकतो. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना संदेश जातो, फक्त त्यांच्याकडे आपला नंबर साठवलेला हवा. जाहीर निवेदनासाठी चॅनल आहे, तिथे एकमेकांचे नंबर दिसतही नाहीत.

परवानगी द्यावीच लागली तर काम संपल्यावर त्याच दिवशी काढा. महिन्यातून एकदा बैठकीच्या शेवटी दहा मिनिटे सगळ्यांनी आपापल्या फोनमधली ॲक्सेसिबिलिटीची आणि नोटिफिकेशन वाचणाऱ्या ॲपांची यादी उघडून पाहावी. अनोळखी नाव दिसले तर तिथेच बंद करावे. आपल्या आयांचे, आजोबांचे फोनही पाहावेत, कारण फाइल पहिली त्यांच्याकडे येते.

एखादे लबाड ॲप बसलेच तर लाजू नका, लपवू नका. इंटरनेट बंद करा, परवानगी काढा, ॲप काढा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पहिल्या तासात कळवले तर पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

आणि शेवटचा ठराव रस्त्यावरचा. शिष्यवृत्ती, रेशन, पेन्शन यासाठी सरकार जे जे ॲप सक्तीचे करते, ते कुठली परवानगी का मागते हे मराठीत लिहून दिलेच पाहिजे, आणि नकार देणाऱ्याला कागदी अर्जाचा मार्ग खुला पाहिजे, अशी मागणी तहसीलदारापासून मंत्रालयापर्यंत न्या. जात ही संवेदनशील माहिती म्हणून कायद्यात परत आणा, ही मागणी प्रत्येक आंबेडकरी संघटनेच्या मागणीपत्रात गेली पाहिजे.

आपल्या आज्या-पणज्यांना कुणी विचारलेच नाही, की तुझ्या घराचा, तुझ्या श्रमाचा, तुझ्या नावाचा ताबा घेऊ का. आज एक यंत्र का होईना, विचारते आहे. त्याला उत्तर देताना दोन मिनिटे थांबा, पाटी वाचा, न समजल्यास सोबत्याला विचारा. समजून दिलेला होकारही आपला आणि समजून दिलेला नकारही आपला. न वाचता दाबलेले बटण मात्र आपले नसते.

जय भीम! जय संविधान!